एकमताने गेलेली बाग

एत्तोरे, तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी तुमच्यावर इतकी वैतागले आहे की धड रडताही येत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बरे बोलावेत, अशी आमच्याकडे रीत आहे. मी प्रयत्न करून पाहिला. दोन वाक्यं बरी होतात, तिसऱ्या वाक्याला भांडण सुरू होतं. तेव्हा भांडतेच. तुम्हालाही तेच चालेल. तुमचं कौतुक सुरू झालं की तुम्ही उठून टोमॅटोला पाणी घालायला निघून जायचात.

आणि मी तुम्हाला अहो-जाहोच करणार. "कुणाला वर चढवून बोलू नकोस, सगळी गडबड तिथूनच सुरू होते," हे तुमचं पालुपद मला पाठ आहे. इंग्रजीत बोलायचो तोवर ते निभावलं. मराठीत वडिलांच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे करायला माझी जीभ रेटत नाही, आणि आता हरकत घ्यायला तुम्ही समोर नाही.

आपली ओळखच मुळात भांडणातून झाली. रायस्वाइकच्या आमच्या फ्लॅटची बाल्कनी दोन सायकली उभ्या केल्या की संपते. ताजी मेथी आणि गवार यांच्या हव्यासापोटी मी फोरबर्गला कालव्यालगतच्या बागसंघात नाव घातलं होतं. डच लोक याला फोल्क्सटाउन म्हणतात. गावाच्या कडेला मोकळ्या जमिनीचे छोटे तुकडे, ते संघाकडून भाड्याने घ्यायचे, त्यात एक लाकडी खोपटं आणि चार वाफे, आणि नियम मात्र किल्ल्याला शोभावेत इतके. बऱ्याच वर्षांनी माझा नंबर लागला. पहिल्याच दिवशी मी सुतळी आणि खुंट्या घेऊन हद्द आखायला लागले. पलीकडे तुम्ही अंजिराच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसला होतात. टोपी मागे सारून तुम्ही विचारलंत, "कोणी चाल करून येणार आहे का?"

सगळ्या संघात तुमचीच एक बाग बिनकुंपणाची होती. प्रत्येकाने चारी बाजूंनी झुडपांचं कुंपण लावायचं, हा नियम तुम्ही जागा घेतल्यानंतर आला, आणि तुम्हाला तो लावायला गेलेले दोन अध्यक्ष थकून गेले. मी म्हटलं, माझ्या बाजूने मी लावणार. तुम्ही म्हणालात, जरूर लाव, मी कोण अडवणारा. आधी कॉफी घे. कॉफीबरोबर कुंपणांविरुद्ध तुम्ही लिहिलेली पुस्तिका हातात आली आणि दुपार गेली. ते कुंपण मी आजतागायत लावलेलं नाही. माझी कोथिंबीर तुमच्या बाजूला उगवायची, तुमची अंजिरं माझ्या वाफ्यात पडायची, आणि गवार दोन्हीकडे आली नाही.

पण मी तुमचं म्हणणं मान्य केलेलं नव्हतं, हे लक्षात असू द्या. कराडकडच्या माझ्या वडिलांची गोष्ट मी तुम्हाला त्याच दुपारी सांगितली होती. ते शाळामास्तर. त्यांची आणि काकांची वडिलोपार्जित थोडी जमीन, मध्ये बांध नाही. दरवर्षी नांगरणीच्या वेळी दोघांची तोंडं दोन दिशांना. शेवटी एका उन्हाळ्यात दोघांनी मिळून दगड वाहिले आणि बांध घातला. त्या दिवसापासून दोघं भाऊ त्याच बांधावर बसून भाकरी खाऊ लागले. हे ऐकून तुम्ही खूश झालात. "बघ, एकत्र जेवायला लागले."

"बांध घातला म्हणून," मी म्हटलं.

"छे. एकत्र दगड वाहिले म्हणून."

हे भांडण आपण किती उन्हाळे चालवलं, मला आठवत नाही. विसरलात असं वाटावं आणि मग मटार सोलता सोलता मान वर न करता तुम्ही म्हणायचात, "दगड." मी म्हणायची, "बांध." मिलिंद, माझा नवरा, तो शेजारी बसून आयटीच्या कॉलवर असायचा. एकदा त्याने कॉल म्यूट करून विचारलं, "तुम्हा दोघांना दुसरा टॉपिक नाहीये का?" नव्हता खरंच.

मिलिंदला तुम्ही कोण आहात हे प्रथम कळलं तेव्हा तो घाबरलाच होता. "अ‍ॅनार्किस्ट? अगं, आपलं परमनंट रेसिडेन्सचं चालू आहे आणि तू अ‍ॅनार्किस्टकडे बसून कॉफी पितेस? खेमेंटेमध्ये कोणी विचारलं तर?" नगरपालिकेला तुमच्या कॉफीशी देणंघेणं नव्हतं. पण त्याच्या डोक्यात अ‍ॅनार्किस्ट म्हणजे बॉम्ब फेकणारा, दाढीवाला. तुम्ही पहिल्या भेटीत त्याला तुळशीचं रोप दिलंत. इटालियन, पास्त्यातली तुळस. त्याने घरी आणून देवापाशी ठेवली. 

तुमच्या पुस्तिका वाचल्यावर तर तो निराशच झाला. त्यांत बॉम्ब नव्हता, बंड नव्हतं. संगमरवराच्या खाणींचं तुमचं गाव, तिथे दुपारच्या जेवणाला दगडावर बसून वाद घालणारे तुमचे वडील आणि त्यांचे सोबती. सैन्यात जायला नकार देऊन तुम्ही तरुणपणी देश सोडलात, पण त्यावर एक परिच्छेद फक्त. उरलेलं सगळं हेगच्या त्या हॉस्पिटलच्या धुलाईघराबद्दल, जिथे निवृत्त होईपर्यंत तुम्ही चादरी धुतल्या. मुकादम आजारी पडल्यावर तुम्ही सहकाऱ्यांनी पाळ्या आपसात कशा लावल्या, कोणाचं मूल लहान, कोणाची कंबर धरलेली, कोणाला पहाट सोसते. मुकादम बरा होऊन परतला तेव्हा त्याला करायला काम उरलं नव्हतं, आणि वरच्यांनी मग त्याला आणखी वरची जागा दिली. हे वाचून मी इतकी हसले की ट्रेनमध्ये लोक बघायला लागले. झुइडासला बँकेत काम करते मी. मला अशी तीन माणसं माहीत आहेत.

ती पुस्तिका मराठीत आणू, असं मी म्हटलं आणि स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली. पहिलाच अडथळा तुमच्या मताच्या नावाचा. मी सांगितलं की मराठीत त्याला अराजकवाद म्हणतात. अराजक म्हणजे? म्हटलं, गोंधळ, लूटमार, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नसणं. तुम्ही कपाळाला हात लावलात. "म्हणजे तुमच्याकडे मला जन्माला येण्याआधीच शिक्षा झालेली आहे." मग प्रत्येक वाक्यावर कीस. तुम्ही मूळ इटालियन मोठ्याने वाचायचात, मोडक्या इंग्रजीत अर्थ सांगायचात, मी मराठी म्हणायची, आणि मराठीचं अक्षरही न कळणारे तुम्ही मान हलवून म्हणायचात, "फार खात्रीने बोलतेस. माझं वाक्य इतकं खात्रीचं नाही." बरोबर असायचं ते, हाच संताप. शेवटचं प्रकरण राहिलंय. ते आता कोणाला वाचून दाखवू? लेखकाचं नाव घालायचं नाही, हे तुम्ही बजावून ठेवलंय. विचार हवेतले असतात, सही करून बाटलीत भरायचे नाहीत म्हणे. बरं. नाही घालत. या लेखात घातलं आहे, अर्धंच.

संघाच्या लोकांना तुम्ही किती छळलंत, हेही कोणीतरी सांगायला हवं. महिन्यातला एक शनिवार प्रत्येक सभासदाने सामाईक कामाला यायचं, हा नियम. सक्तीचं काम मी करणार नाही, असं तुम्ही जाहीर केलंत, आणि मग एकही शनिवार चुकवला नाहीत. फक्त हजेरीला नाव घेऊ द्यायचं नाही. खजिनदार मारायके, सरळमार्गी बाई, दरवेळी तुमच्या नावापुढे गैरहजर लिहायची आणि तुम्ही खणलेल्या चरात पाइप टाकायची. नवीन कॉफीचं भांडं घ्यायचं ठरलं तेव्हा तुम्ही मतदान होऊ दिलं नाहीत. मतदान म्हणजे थोड्यांना गप्प बसवण्याची सभ्य रीत, असं तुमचं म्हणणं. सगळ्यांनी गोल बसायचं, कोणी अध्यक्ष नाही, प्रत्येकाने बोलायचं, आणि एक जण जरी नाही म्हणाला तरी निर्णय नाही. शिवाय ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होणार तो माणूस तिथे हवाच, म्हणून चहा पिणाऱ्यांनाही बोलावलंत. कॉफीचं भांडं यायला वसंत ऋतू उलटला. पण ते कोणी कधी न धुता ठेवलेलं मला आठवत नाही.

आणि मग या वर्षी मी अध्यक्ष झाले. जुने गृहस्थ मुलीकडे राहायला गेले, कोणी पुढे येईना, मारायकेने गळ घातली. मी हो म्हटलं. तुम्हाला सांगायला आले तेव्हा तुम्ही काकडीचे वेल बांधत होतात. एरवी माझ्या पीएचडीची टिंगल म्हणून 'दोत्तोरेस्सा' म्हणायचात, त्या दिवशी तेही नाही.

"मला फक्त पाण्याच्या पंपाची दुरुस्ती करून घ्यायची आहे," मी म्हटलं.

"तिथूनच सुरुवात होते." मग वेल सोडून तुम्ही माझ्याकडे वळलात. "वाईट माणसाच्या हातात अधिकार आला की लगेच ओळखू येतो. लोक सावध होतात. तू चांगली आहेस. तू तो एखाद्या मित्रासाठी वापरशील. सगळे टाळ्या वाजवतील. आणि मग तो अधिकार कधीच परत जाणार नाही."

मला फार राग आला होता. अजून आहे. त्यानंतरही तुम्ही रोज भाजी दिलीत, कॉफी पाजलीत, 'दगड' म्हणालात, पण ते वाक्य काही परत घेतलं नाहीत. मी तुम्हाला दाखवून देणार होते. कसं, ते ठरवलं नव्हतं.

मग एका सकाळी तुमच्या घराचा पडदा उघडला नाही म्हणून शेजारणीने बेल वाजवली. झोपेतच गेलात. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, दिलेल्या गोळ्या तशाच होत्या. डॉक्टर हुकूम सोडतो, असं तुमचं म्हणणं होतं. त्याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही. तत्त्व आणि रक्तदाब यांचा काय संबंध?

अंत्यविधीला भाषणं नकोत, सूत्रसंचालन नको, असं तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यामुळे कॉफी आणि केकचा तुकडा हातात घेऊन आम्ही सगळे बसून राहिलो. उठा म्हणून सांगणारं कोणी नाही, म्हणून कोणी उठेना. पुढच्या अंत्यविधीची माणसं दारात येऊन उभी राहिली. तुमच्या बहिणीने इटलीहून येऊन तुमच्या कोटाच्या खिशात जपमाळ सरकवली. मी पाहिलं, तिने पाहिलं की मी पाहिलं.  तिचाही काही हक्क होता तुमच्यावर.

आणि आता बागेकडे येते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. सभासद गेला की त्याची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायची, आणि नव्याने चारी बाजूंना कुंपण, असा नियम. तुमची इच्छा वेगळी होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. तुमची जागा कोणाच्याच नावावर नको, तशीच उघडी ठेवा, येईल त्याने अंजीर खावं. खास कारण असेल तर अध्यक्ष एखादी जागा सामाईक म्हणून राखू शकतो, असंही एक कलम आहे. मारायके माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तुमच्या नावापुढे इतकी वर्षं गैरहजर लिहिणारी बाई. "तू अध्यक्ष आहेस, करून टाक. सगळ्यांचं प्रेम होतं त्याच्यावर. कोणी हरकत घेणार नाही."

मिलिंदही म्हणाला, "अगं, एक ईमेल टाक आणि विषय क्लोज कर."

खरंच एका ईमेलचं काम होतं. मी लिहिलीही. आणि पाठवायच्या आधी मला काकडीच्या वेलांपाशी उभे असलेले तुम्ही दिसलात. मित्रासाठी वापरशील. सगळे टाळ्या वाजवतील. एत्तोरे, केवढा हा दुष्टपणा. तुमची बाग वाचवली तर तुमचं म्हणणं खरं, आणि नियम लावला तर तुमची बाग गेली. मरून गेलेल्या माणसाने दोन्ही दारं लावून घ्यायची आणि जिवंत माणसाला मध्ये उभं करायचं? त्या रात्री पहिल्यांदा मला तुमची आठवण येऊन रडू फुटलं, आणि तेही चिडूनच.

एकच वाट उरली होती, तुमची. मला जिचा सगळ्यात कंटाळा, ती. शनिवारी सकाळी सगळ्यांना बोलावलं, संघाच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या, आणि सांगितलं की आज मी अध्यक्ष नाही. सगळे खुशीने हसले. सगळ्यांच्या मनात तुमची बाग राखायचीच होती. तासाभरात झालंही असतं. पण मी तुमचा नियम पूर्ण पाळला होता. ज्याच्यावर परिणाम होणार तो माणूस तिथे हवाच. म्हणून यादीतल्या पुढच्या बाईला मी बोलावणं पाठवलं होतं.

तिचं नाव रोशनी. हेगमध्येच वाढलेली सुरिनामी हिंदुस्तानी, म्हणजे पूर्वज भारतातून सुरिनामला मजुरीला गेलेले, घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करते. बरोबर आई होती, पांढऱ्या केसांची, हातमोजे घालून तयार. तुमच्याबद्दल लोक एकेक करून बोलले, रोशनीने सगळं मन लावून ऐकलं. मग ती डचमध्ये हळूच म्हणाली की जागा सगळ्यांची राहावी हे तिला समजतं, सभासदांनी नाही म्हटलं तर ती रागावणार नाही. पण बोलावलं आहे म्हणून सांगते.

"आई विसरते सगळं. आठव्या मजल्यावर दिवसभर दार वाजवत बसते. मातीत हात घातला की शांत होते, तेवढंच तिला आठवतं. म्हणून नाव घातलं होतं." मग आईकडे बघत, "मला कुंपण लागेल. उंच नको, कमरेएवढं चालेल. ती चालत सुटते, आणि इथे कालवा आहे."

 मला तुमची ती कुंपणांची पुस्तिका तोंडपाठ आहे, एत्तोरे. कुंपण घालणारा घाबरलेला तरी असतो किंवा हावरा तरी, असं तुम्ही त्यात म्हटलं आहे. कालव्याकडे चालत सुटणाऱ्या आईबद्दल त्यात एक ओळ नाही. मी तुम्हाला शोधत होते त्या क्षणी, खरंच मान वळवून. यावर तुम्ही काय म्हणाला असतात? तुमच्याकडे उत्तर नसायचं तेव्हा तुम्ही तसं कबूल करायचात, डोकं खाजवायचात, आणि दुसऱ्या दिवशी नवीन पान लिहून आणायचात. ते पान मला हवं होतं.

मग फेरी सुरू झाली. पहिला हो मारायकेचा. नाक पुसत, पण स्पष्ट. मग एकेक. कोणी कोणाला दटावलं नाही, कोणी मतं मोजली नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत तुमची बाग एकेका माणसाने, खुशीने, तुमच्यावरच्या प्रेमासकट देऊन टाकली. फेरी माझ्यापाशी शेवटी आली. तुमच्या पद्धतीत एक 'नाही' पुरेसा असतो. तो माझ्याकडे होता, अध्यक्ष म्हणून नव्हे, गोलात बसलेल्या कोणाकडेही असतो तसा. आणि मला नाही म्हणायचं होतं. मला ती बाग तशीच हवी होती, बिनकुंपणाची, मोडक्या खुर्चीसकट. कारण ती गेली की तुम्ही खरंच गेलात.

रोशनीची आई तोवर उठून बाहेर गेली होती. दारातून दिसत होती. सरळ माझ्या वाफ्यातून, कोथिंबीर तुडवत, तुमच्या अंजिरापाशी पोचली आणि खाली पडलेली अंजिरं पदर नाही म्हणून कोटाचाच ओचा करून त्यात गोळा करायला लागली. तिला कोणी सांगितलं नव्हतं की येईल त्याने खावीत.

मी हो म्हटलं.

पुढच्या कामाच्या शनिवारी आम्ही सगळे मिळून तुमच्या बागेला कुंपण लावणार आहोत. रोपं आली आहेत. माझ्या बाजूचं मी खणणार, पलीकडून रोशनी, आणि मारायके केक आणणार. आता रोशनी आणि मी उद्या एकत्र जेवायला बसलो, तर ते कुंपणामुळे की खणण्यामुळे? ठरवायला तुम्ही नाही. मी अध्यक्ष होऊन एकही गोष्ट ठरवली नाही, मित्रासाठी तर नाहीच. सगळं तुमच्या रीतीने झालं, अगदी शेवटच्या माणसापर्यंत, आणि तुमची बाग गेली.

आता बोला, एत्तोरे.